गुडघ्यातली पहिली भेग प्रकाशाला दिसते, तर मग तपासून का घेऊ नये?

पत्र : माझं वय ४६. वर्षभरापासून जिना उतरताना उजवा गुडघा दुखतो. सकाळी उठल्यावर पाच-दहा मिनिटं आखडलेला असतो, मग मोकळा होतो. दोन वर्षांत वजन आठेक किलोने वाढलं आहे. एक्स-रे काढला, तो नॉर्मल आला. पण माझ्या आईचे दोन्ही गुडघे बदललेले आहेत, म्हणून धास्ती जात नाही. वाचनात आलं की प्रकाशाच्या मदतीने कूर्चेची, म्हणजे सांध्यात हाडांच्या टोकांवर असलेल्या थराची, झीज एक्स-रेच्या कितीतरी आधी कळते. एका केंद्रात गुडघ्यावर बाहेरूनच लेझर फिरवून ‘कूर्चा स्कॅन’ करतात. ओळखीचे एक जण म्हणतात, त्यापेक्षा दुर्बीण घालून सरळ बघूनच घ्या. लवकर कळलं तर लवकर थांबवता येईल ना?
ता.क. : माझ्या १७ वर्षांच्या मुलीचं गुडघ्यातलं लिगामेंट (एसीएल) खेळताना फाटलं. पुढच्या महिन्यात शस्त्रक्रिया आहे. तिच्याही नशिबी पुढे हेच आहे का?

उत्तर : दोन्ही नको. बाहेरून फिरवायचा लेझरही नको आणि नुसतं बघण्यासाठी दुर्बीणही नको. तुम्ही वाचलंत त्यात मात्र खोटं काही नाही. कूर्चेतलं नुकसान प्रकाशाला खरोखरच एक्स-रेच्या आधी दिसतं, आणि ज्यांनी हे काम उभं केलं त्यांच्याबद्दल मला मनापासून आदर आहे. म्हणून नुसतं ‘नको’ म्हणून मोकळं होणं मला पटत नाही. जरा सविस्तर सांगते.

आधी तुमचा नॉर्मल एक्स-रे. एक्स-रेवर कूर्चा दिसतच नाही, किरण तिच्यातून आरपार जातात. मांडीचं हाड आणि नडगीचं हाड यांच्यामध्ये जी काळी फट दिसते, ती कूर्चेने आणि मेनिस्कस नावाच्या मधल्या चकतीने व्यापलेली जागा असते. ती फट किती उरली यावरून डॉक्टर अंदाज बांधतात. ‘गॅप कमी झाली’ म्हणतात ती हीच. केल्ग्रेन आणि लॉरेन्स यांनी १९५७ मध्ये एक्स-रेवरून ० ते ४ अशा पायऱ्या ठरवून दिल्या, त्या आजही वापरात आहेत. त्यातली दुसरी पायरी हाडाच्या कडेला नवं हाड वाढलेलं स्पष्ट दिसलं की मगच धरतात. म्हणजे हाड बोलू लागेपर्यंत वाट पाहायची, आणि तोवर कूर्चेत बरंच काही घडून गेलेलं असू शकतं. तुमच्या एक्स-रेचा अर्थ इतकाच की हाडं अजून बोलू लागलेली नाहीत. ही चांगली बातमी आहे, पण कूर्चा ठणठणीत असल्याची ती साक्ष नव्हे. एक गोष्ट मात्र विचारून घ्या : एक्स-रे उभं करून काढला होता की झोपवून? झोपून काढला तर गुडघ्यावर अंगाचा भार नसतो आणि फट आहे त्याहून रुंद दिसू शकते.

आता कूर्चा. ‘गादी झिजली’ हे शब्द लोक दोन निराळ्या गोष्टींसाठी वापरतात आणि त्यातून फार गोंधळ होतो. हाडांच्या टोकांवरचा पांढरा गुळगुळीत थर ती कूर्चा. दोन हाडांच्या मधे बसलेली चंद्रकोरीसारखी चकती तो मेनिस्कस. तुमचा प्रश्न पहिलीचा आहे. गुडघ्यात ती साधारण २ ते ४ मिलिमीटर जाड असते, वाटीच्या मागे त्याहून जास्त. तिच्या वजनातला निम्म्याहून बराच मोठा वाटा पाण्याचा. ते पाणी प्रोटिओग्लायकन नावाचे रेणू धरून ठेवतात, आणि सतत फुगू पाहणाऱ्या त्या रेणूंना कोलॅजेनचे तंतू जाळ्यात आवळून ठेवतात. तळाशी हे तंतू उभे असतात, वर येताना कमानीसारखे वळतात आणि पृष्ठभागाशी आडवे होतात. या रचनेत रक्तवाहिन्या नाहीत, नसा नाहीत, पेशीही मोजक्याच. वाढीच्या वयात कोलॅजेनचं जे जाळं विणलं गेलं तेच जवळपास जन्मभर पुरवायचं असतं. विल्यम हंटर या शरीरशास्त्रज्ञाने १७४३ मध्येच लिहून ठेवलं होतं की कूर्चा एकदा गेली की भरून येत नाही.

झिजेची सुरुवात वरच्या थरात होते. प्रोटिओग्लायकन कमी होतात, तंतूंची वीण विस्कटते, कूर्चा मऊ पडते. मग पृष्ठभाग मखमलीसारखा तंतू सुटलेला दिसू लागतो, त्याच्या भेगा होतात, भेगा खोल जातात आणि सर्वांत शेवटी हाड उघडं पडतं. यातलं ‘मऊ पडते’पर्यंतचं सगळं नुसत्या डोळ्याला दिसत नाही.

प्रकाश उपयोगी पडतो तो इथे. तो काय करू शकतो आणि कुठे अडतो हे समजायला अंधारात मोबाइलच्या टॉर्चवर बोट ठेवून पाहा. बोट लालभडक उजळतं, म्हणजे प्रकाश पलीकडे पोचला. पण बोटातलं हाड दिसलं का? नाही. लाल आणि त्यापलीकडचा अवरक्त प्रकाश मांसातून बराच लांब जातो, मात्र वाटेत हजारदा आपटून दिशा गमावतो. दाट धुक्यात समोरच्या गाडीचा दिवा आहे एवढं कळावं आणि गाडी दिसू नये, तशी गत.

ऑप्टिकल कोहेरन्स टोमोग्राफी, म्हणजे ओसीटी, हे तंत्र या धुक्यातून मार्ग काढतं. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे पडद्याची तपासणी करताना हेच यंत्र असतं, तुम्ही कदाचित त्याच्यासमोर हनुवटी टेकवून बसलाही असाल. १९९१ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीत जेम्स फुजिमोटो यांच्या गटाने ते जगापुढे आणलं. प्रकाशाची तिरीप दोन भागांत विभागतात. एक भाग आरशाकडे जातो, दुसरा ऊतीत. दोन्ही परतले की एकत्र करतात. दोघांनी कापलेलं अंतर जुळलं तरच त्यांच्या लहरी एकमेकींशी नियमित खेळतात. भरकटून उशिरा आलेला प्रकाश जुळत नाही, म्हणून तो गाळला जातो. अशा रीतीने कोणत्या खोलीवरून किती प्रकाश परतला याचा उभा छेद मिळतो, कापल्याशिवाय. कूर्चेसाठी साधारण १.३ मायक्रोमीटर तरंगलांबीचा अवरक्त प्रकाश वापरतात. त्यातून १० ते २० मायक्रोमीटर इतका बारीक तपशील दिसतो, केसाच्या जाडीचा एखादा अंश. दवाखान्यातल्या नेहमीच्या एमआरआयचा एक ठिपका मिलिमीटरचा तिसरा हिस्सा किंवा त्याहून मोठा असतो, यावरून फरक लक्षात येईल.

मला यातली सर्वांत सुंदर गोष्ट वाटते ती निराळीच. शिस्तीत लागलेले कोलॅजेनचे तंतू प्रकाशाचं ध्रुवण, म्हणजे त्याच्या लहरी डोलण्याची दिशा, बदलतात, त्यामुळे निरोगी कूर्चेच्या ओसीटी चित्रात एकाखाली एक गडद-फिक्या पट्ट्या उमटतात. वीण विस्कटली की पट्ट्या पुसट होतात, मग नाहीशा होतात, आणि हे घडतं तेव्हा वरचा पृष्ठभाग अजून अखंड असू शकतो. अमेरिकेतल्या कॉन्स्टन्स चू या अस्थिशल्यविशारदांनी दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेतच ओसीटीची सळई आत घालून माणसांच्या गुडघ्यात हे दाखवून दिलं.

दुसरी वाट जवळच्या अवरक्त प्रकाशाच्या वर्णपटाची. इथे चित्र नसतं, आलेख असतो. पाणी आणि प्रथिनं ठरावीक तरंगलांबींचा प्रकाश शोषतात, तेव्हा परतलेल्या प्रकाशात काय कमी पडलं यावरून कूर्चेतलं पाणी, तिची जाडी, तिचा ताठरपणा यांचा अंदाज बांधतात. फिनलंडमधल्या संशोधकांनी यावर चिकाटीने काम केलं आहे. तिसरी वाट रामन वर्णपटाची. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२८ मध्ये शोधलेला परिणाम आज कूर्चेतल्या रेणूंची हजेरी घ्यायला वापरला जातो. लेझरचा प्रकाश रेणूवर आपटून किंचित बदललेल्या रंगाने परततो आणि तो बदल प्रत्येक रेणूगणिक वेगळा असतो. प्रोटिओग्लायकनमधले सल्फेट, कोलॅजेन, खालच्या हाडातलं फॉस्फेट अशी प्रत्येकाची आपापली खूण त्यात सापडते.

या सगळ्यांत एक अट समान आहे. प्रकाशाचं टोक कूर्चेजवळ न्यावं लागतं. ओसीटीची नजर कूर्चेत फार तर एक-दोन मिलिमीटर पोचते, आणि तुमची कातडी, चरबी, सांध्याचं आवरण, वाटीचं हाड हे सगळं ओलांडून जाणं तिच्या आवाक्यातलं नाही. बोटांचे सांधे बारीक असतात, तिथे आरपार प्रकाश टाकून किंवा प्रकाशाने ऊतीत ध्वनी निर्माण करून तो ऐकण्याच्या तंत्राने प्रयोग झाले आहेत. गुडघा फार जाड पडतो. कातडीवरून लेझर फिरवून गुडघ्यातल्या कूर्चेची पहिली भेग दाखवणारी, दवाखान्यात रुळलेली तपासणी आज नाही. त्या केंद्रात गेलात तर एवढंच विचारा : तुमच्या यंत्राने दिलेला निकाल दुर्बिणीतून दिसलेल्या कूर्चेशी पडताळून कोणी पाहिला आहे का, आणि किती गुडघ्यांत? उत्तरादाखल रंगीत छापील अहवाल पुढे आला तर तिथून उठा.

मग ओळखीचे म्हणतात तसं दुर्बीण घालून का बघू नये? मी दुर्बिणीतून बरेच गुडघे पाहिले आहेत. आपण पडद्यावर बघतो आणि बारीक आकड्याने कूर्चा दाबून पाहतो, मऊ लागते का, उचकटते का. आउटरब्रिज यांनी १९६१ मध्ये दिलेल्या पायऱ्यांत ते बसवतो. अडचण अशी की उघडं हाड सगळ्यांनाच ओळखू येतं, पण सुरुवातीच्या पायऱ्यांवर दोन अनुभवी डॉक्टरांचं एकमत होईलच असं नाही. तुम्हाला जे हवं आहे, त्या पहिल्या पायरीबद्दलच दुर्बीण सर्वांत कमी भरवशाची आहे. त्यात भूल, जंतुसंसर्गाचा आणि रक्ताची गुठळी होण्याचा थोडा का होईना धोका, काही आठवड्यांचा सक्तीचा आराम. ‘आत गेलोच आहोत तर साफ करून घेऊ’ हा मोह तर ठरलेला. २००२ मध्ये १८० रुग्णांवरची एक चाचणी प्रसिद्ध झाली. काहींच्या गुडघ्यात दुर्बिणीतून साफसफाई केली, काहींना फक्त कातडीवर छेद देऊन टाके घातले. दोन वर्षांपर्यंत वेदनेत फरक निघाला नाही. २०१७ मध्ये एका आंतरराष्ट्रीय मंडळाने वयोमानाने झिजलेल्या गुडघ्यासाठी दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेविरुद्ध ठाम शिफारस केली. मी ती मानते.

आता तुमच्या खऱ्या प्रश्नाकडे येते. लवकर कळलं तर लवकर थांबवता येईल ना? हा प्रश्न तुम्ही विचारणं अगदी स्वाभाविक आहे. आईला पायरी पायरीने थकताना पाहिलेल्या माणसाला दुसरं काय सुचणार?

पण अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅममध्ये काय दिसलं ते पाहा. पन्नाशी ओलांडलेल्या, एक्स-रेवर झिजेची खूण नसलेल्या ७१० जणांच्या गुडघ्यांचा एमआरआय केला. २०१२ मध्ये निष्कर्ष आला. शंभरातल्या ८९ जणांत काही ना काही दोष सापडला. गुडघा दुखणाऱ्यांत आणि न दुखणाऱ्यांत हे प्रमाण जवळजवळ सारखंच होतं. म्हणजे आणखी बारीक पाहणारं यंत्र लावलं तर तुमच्या गुडघ्यात काहीतरी सापडणार, हे मी आजच सांगते. त्यावरून तो का दुखतो हे कळणार नाही, कारण कूर्चेला नसाच नाहीत. वेदना येते सांध्याच्या आवरणातून, खालच्या हाडातून, आजूबाजूच्या ऊतींमधून. आणि कूर्चेची झीज थांबवेल असं मान्यताप्राप्त औषध आज उपलब्ध नाही. भेग सापडली तरी त्यानंतर डॉक्टर जे सांगतील ते आत्ता, न सापडताच, करण्यासारखं आहे.

प्रकाशाच्या तंत्राची खरी गरज आहे ती नवी औषधं शोधणाऱ्यांना. एक्स-रेवरची फट वर्षाला मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास कमी होते. एवढ्या जाड पट्टीने औषधाचा गुण मोजायचा तर शेकडो माणसं आणि कित्येक वर्षं लागतात, आणि चाचण्यांत घेतलेले सांधे बहुधा आधीच बिघडलेले असतात. कूर्चा मऊ पडतानाच ओळखता आली तर औषध वेळेवर देऊन बघता येईल. तो दिवस यावा असं मला फार वाटतं.

तुमच्यापुरतं सांगायचं तर निदान जवळपास तुमच्या पत्रातच आहे. ब्रिटनच्या नाइस या संस्थेची मार्गदर्शिका म्हणते की वय ४५ किंवा अधिक, हालचालीने वाढणारं दुखणं, आणि सकाळचा आखडलेपणा नसणं किंवा अर्ध्या तासाच्या आत सुटणं, एवढ्यावर अस्थिसंधिवाताचं, म्हणजे सांध्याच्या झिजेचं, निदान करता येतं, चित्रांची गरज नाही. घाबरू नका. या निदानाचा अर्थ ‘आईसारखं होणार’ असा नाही. अनेकांचा गुडघा वर्षानुवर्षं तसाच राहतो, कित्येकांचा दुखायचा कमी होतो. डॉक्टरांनी हाताने गुडघा तपासणं मात्र हवंच, कारण जिना उतरताना दुखणं कधी कधी फक्त वाटीमागचं असतं.

जिना उतरताना गुडघ्यातून अंगाच्या वजनाच्या तिपटीहून अधिक भार जातो. तो झेलायचा कोणी? मांडीच्या पुढच्या स्नायूने. तो दुबळा असेल तर सगळा धक्का सांध्यावर. म्हणून फिजिओथेरपिस्टकडून व्यायाम शिकून घ्या आणि निदान तीन महिने, आठवड्यातून दोन-तीनदा, नेमाने करा. व्यायाम करताना थोडं दुखलं तर तो थांबवायचा नाही. दुसऱ्या दिवशीपर्यंत वाढलेलंच राहिलं तर भार कमी करायचा. ‘झिजलेला गुडघा वापरला की आणखी झिजतो’ ही समजूत मनातून काढून टाका. कूर्चेला रक्त मिळत नाही, दाबलं-सोडलं गेल्यावर आत-बाहेर होणाऱ्या द्रवातूनच तिचं पोषण होतं, ती हालचालीवर जगते. वजनाबद्दल एकच हिशोब देते. स्थूल आणि गुडघ्याची झीज असलेल्या लोकांवरच्या अभ्यासात कमी झालेल्या प्रत्येक किलोमागे गुडघ्यावरचा भार पावलागणिक चार किलोंनी उतरलेला दिसला. तुमच्या आठातले पाच गेले तरी पावलामागे वीस किलो. दुखण्यासाठी वरून लावायचं वेदनाशामक मलम वापरून पाहायला हरकत नाही. गुडघा सुजला, मधेच अडकला, अचानक दगा देऊ लागला, रात्री झोपेतून उठवू लागला किंवा तापासोबत लाल-गरम झाला, तर मात्र वाट न पाहता दाखवा.

आता ता.क. त्यावर मी जास्त विचार केला. एसीएल फाटलेल्यांपैकी जवळपास निम्म्यांत दहा ते वीस वर्षांनी गुडघ्याची झीज आढळते. तुमच्या मुलीच्या बाबतीत हे ऐन तिशीतलं दुखणं ठरू शकतं, म्हणून हा आकडा तुमच्यापासून लपवत नाही. शस्त्रक्रियेने गुडघा स्थिर होतो, पण झिजेचा धोका त्याने पुसला जातो असं सिद्ध झालेलं नाही. लिगामेंट फाटताना दोन हाडं एकमेकांवर आदळतात, त्या धक्क्यात कूर्चा वरून अखंड दिसूनही आतून दुखावलेली असू शकते. ओसीटीचा खरा उपयोग अशाच गुडघ्यात, कारण दुर्बीण तशीही आत जाणारच आहे. तुमच्या रुग्णालयात असा अभ्यास चालू असला तर त्यात नाव द्यायला हरकत नाही. नसला तरी तिचं काही अडत नाही.

तिच्या हातात काय आहे ते सांगते. खेळात परतण्याची घाई करायची नाही. शस्त्रक्रियेनंतर नऊ महिन्यांपर्यंत परत येणं जेवढं पुढे ढकललं, तेवढी पुन्हा इजा होण्याची शक्यता मोठ्या प्रमाणात कमी झाल्याचं अभ्यासात दिसलं आहे. तारीख आली म्हणून परतायचं नाही. दुखऱ्या पायाची ताकद दुसऱ्या पायाच्या बरोबरीला आली का, हे मोजून घ्यायचं. तिला कंटाळा येईल, संघातल्या मैत्रिणी पुढे जाताना बघून रडूही येईल. त्या महिन्यांत तुमचे व्यायाम आणि तिचे व्यायाम एकाच वेळी ठेवा, दोघींनाही सोबत होईल.

आणि शस्त्रक्रियेच्या आधीच सर्जनना सांगून ठेवा की आत कूर्चा आणि मेनिस्कस कसे दिसले ते पायरीसकट लिहून द्या, दुर्बिणीतले फोटोही द्या. मेनिस्कस फाटलेला निघाला तर काढण्याऐवजी शिवता येईल का हेही त्याच भेटीत विचारा, कारण मेनिस्कस गेलेला गुडघा लवकर झिजतो. ते कागद आणि फोटो तिच्या नावाच्या फायलीत ठेवा. पंधरा वर्षांनी तिचा गुडघा कुरकुरला, तर तेव्हाच्या डॉक्टरला सुरुवात कुठून झाली हे त्यावरून कळेल.